पित्ताश्म आणि यकृत्-पर्णकृमी : एका कार्यकारणसंबंधाचा इतिहास

(१) प्रास्ताविक

रोगांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास शब्द जितके साहाय्यक ठरतात तितकेच ते फसवेही ठरतात. शब्द टिकून राहतो आणि त्याचा जुना अर्थ मात्र हळूहळू निघून जातो. मागाहून येणारा वाचक ओळखीचा शब्द पाहून ओळखीचाच अर्थ गृहीत धरतो. 'पित्ताश्मरी' हा शब्द ह्या प्रकारचे एक बोलके उदाहरण आहे. आज मराठीत हा शब्द वाचणारा मनुष्य त्याचा अर्थ पित्ताशयातील खडा असाच करील. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील तिसऱ्या अध्यायात मात्र अश्मरीचे जे चार प्रकार सांगितले आहेत, कफ, वात, पित्त आणि शुक्र ह्यांपासून होणारे, ते चारही बस्तीत, म्हणजे मूत्राशयात, होणारे आहेत. त्यांपैकी पित्तापासून होणारी अश्मरी तांबूस, पिवळसर, काळी किंवा मधाच्या रंगाची असून बिब्ब्याच्या बीसारखी दिसते, असे वर्णन तेथे येते. म्हणजे सुश्रुताची पित्ताश्मरी हा मूतखडा होय. समास तोच राहिला, विग्रह बदलला: 'पित्तामुळे झालेला अश्म' ह्याच्या जागी 'पित्तात झालेला अश्म' हा अर्थ आला.

प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी अर्थपरिवर्तनावरील एका व्याख्यानात हाच शब्द पुढे करून, पित्ताशयातील खडे सुश्रुतास ठाऊक होते असे विद्यार्थ्यांना आत्मविश्वासाने सांगितले होते. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थ्याने मूळ अध्याय आणून त्यातील बस्तीचा उल्लेख दाखविला. ज्या विषयावर आपण बोलत होतो त्याच विषयातील चूक आपल्याच हातून घडावी, ही गोष्ट मनाला लागून राहिली. प्रस्तुत लेखाचा उगम त्या चुकीत आहे. पित्तमार्गातील खडे आणि यकृतात राहणारे पर्णकृमी ह्यांचा संबंध मनुष्यास केव्हा व कसा कळला, तो कळावयास इतका काळ का लागला, आणि जुन्या शब्दांचा पुरावा ह्या कामी कितपत ग्राह्य धरावा, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

(२) हाती असलेला खडा : गोरोचन

पित्ताश्म हा पदार्थ भारतीयांना अज्ञात होता असे मात्र मुळीच नाही. गोरोचन म्हणजे गाईबैलांच्या पित्ताशयात सापडणारा पिवळा खडा. तिलकासाठी, औषधासाठी व मंत्रतंत्रासाठी त्याचा उपयोग प्राचीन काळापासून होत आला. कुमारसंभवाच्या सातव्या सर्गात विवाहासाठी पार्वतीला सजवितात त्या प्रसंगी गोरोचनेने काढलेल्या पत्ररचनेचा उल्लेख आहे. चिनी वैद्यकातही हाच पदार्थ 'न्यू-ह्वांग', म्हणजे 'गाईचे पिवळे', ह्या नावाने मौल्यवान औषध म्हणून मान्यता पावला.

आजच्या रसायनशास्त्रानुसार गोरोचनाचा मुख्य घटक बिलिरुबिन हे पित्तातील रंगद्रव्य व त्याचे कॅल्शियमशी झालेले संयुग हा आहे. हाच घटक पुढे ज्या मानवी खड्यांचा विचार करावयाचा आहे त्यांतही प्रधान असतो. म्हणजे खडा हाती होता, त्याचा रंग, त्याचे मोल आणि त्याचे नाव ही सर्व होती. परंतु तो एखाद्या विकृतीचे फळ आहे ही कल्पना त्या नावात नव्हती. 'रोचना' ह्या शब्दाने त्याची कांती तेवढी सांगितली. जो पदार्थ मंगल मानला गेला त्याच्या ठायी रोग शोधण्याचे कारण कोणास पडले नाही. दुसरीकडे, चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे वीस प्रकार सांगितले आहेत. त्यांचे वर्गीकरण पुरीष, कफ, रक्त व बाह्य मल ह्या स्थानांवरून केलेले आहे. खडा एका प्रकरणात आणि कृमी दुसऱ्या प्रकरणात, अशी ही विभागणी होती. ती केवळ आपल्याकडेच होती असे नाही.

(३) मेंढपाळांची भाषा

यकृतातील कृमींकडे प्रथम लक्ष गेले ते मेंढ्यांमुळे. फ्रान्सचा राजा पाचवा चार्ल्स ह्याच्यासाठी १३७९ मध्ये झाँ द ब्री ह्याने मेंढपाळीवर जो ग्रंथ रचला त्यात मेंढ्यांच्या यकृताच्या रोगाचे वर्णन असून त्याचे कारण म्हणून दलदलीतील एका वनस्पतीकडे बोट दाखविले आहे. फ्रेंच भाषेत 'दूव' हे नाव त्या जातीच्या वनस्पतीलाही आहे आणि यकृतातील कृमीलाही आहे. इंग्लंडात १५२३ मध्ये फिट्झहर्बर्टच्या कृषिविषयक ग्रंथात रोगट मेंढीच्या यकृतात सापडणाऱ्या जिवंत, चपट्या मासोळीसारख्या प्राण्यांचा उल्लेख येतो. मेंढ्यांना पांढऱ्या गोगलगायी अपायकारक असतात असेही त्याने म्हटले आहे. इंग्रजीतील 'फ्लूक' हा शब्द मुळात चपट्या माशाचे नाव आहे. डच भाषेतील 'लेव्हरबॉट' ह्या शब्दाची कथा तीच: यकृतातला चपटा मासा. जर्मनांनी त्याला यकृतातील जळू म्हटले. आपल्याकडील 'पर्णकृमी' ही संज्ञा पानाच्या आकारावरून आली आहे.

ह्या नावांची तुलना केली असता एक गोष्ट ध्यानात येते. इंग्रज, डच व जर्मन ह्यांच्या नावांत केवळ आकार आहे. फ्रेंच नावात मात्र, चुकीचे का होईना, एक कारण सूचित झाले आहे. ही चूक पूर्णतः निरर्थकही नव्हती. दलदलीतील ती वनस्पती रोगास कारण नव्हती, परंतु ती जेथे उगवते त्याच ओलसर कुरणात कृमीला आपल्या पोटात वाढविणारी लहानशी गोगलगाय राहते. मेंढपाळाचे निरीक्षण बरोबर होते, अनुमान चुकले होते. लिनियसने १७५८ मध्ये ह्या कृमीस 'फॅसिओला हेपॅटिका' हे नाव दिले. आणि गोगलगाईच्या शरीरातून जाणारे त्याचे संपूर्ण जीवनचक्र उलगडण्यास १८८१ ते १८८३ हा काळ उजाडावा लागला. जर्मनीत लॉइकार्ट व इंग्लंडात टॉमस ह्यांनी ते काम स्वतंत्रपणे केले.

(४) चिनी ग्रंथ आणि चिनी थडगी

मानवी रोगाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा कृमी पूर्व आशियातील होय. त्याचे शास्त्रीय नाव 'क्लोनॉर्किस सायनेन्सिस'. तो मनुष्याच्या शरीरात शिरतो तो कच्च्या किंवा अर्धकच्च्या गोड्या पाण्यातील माशांतून. चीनमध्ये मासे किंवा मांस बारीक चिरून कच्चे खाण्याची रीत फार जुनी आहे. त्या पक्वान्नाचे नाव 'क्वाय'. हा शब्द लिहिताना प्रथम मांसवाचक चिन्ह वापरीत. पुढे मत्स्यवाचक चिन्हाचा पर्यायही रूढ झाला. म्हणजे पक्वान्नात माशाचे प्राधान्य वाढले तशी त्याची खूण लिपीतही उमटली.

तिसऱ्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेल्या 'सान-क्वो-चृ' ह्या इतिहासग्रंथात ग्वांगलिंगचा अधिकारी छन तंग ह्याची हकीकत आहे. त्याच्या छातीत कोंडल्यासारखे होई, चेहरा लाल झाला होता व अन्नावर वासना उरली नव्हती. ह्वा थ्वो ह्या प्रसिद्ध वैद्याने नाडी पाहून पोटात पुष्कळ कृमी झाल्याचे सांगितले आणि 'शिंग' पदार्थ खाणे हे त्याचे कारण ठरविले. 'शिंग' म्हणजे कच्च्या मांसामाशांचा वास येणारे. संस्कृतातील 'विस्र' हा शब्द त्याच्या जवळचा आहे. काढा दिल्यावर रोग्याने लाल डोक्यांचे, वळवळणारे कृमी ओकले. तीन वर्षांनी रोग उलटेल असे वैद्याने सांगितले होते. तसा तो उलटला, वैद्य जवळ नव्हता, आणि छन तंग मरण पावला.

ही हकीकत वाचताच येथे यकृत्-पर्णकृमीचे पहिले वर्णन सापडले असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. पर्णकृमी पित्तनलिकांत राहतात. ते ढिगाने ओकून पडत नाहीत, आणि त्यांना लाल डोकीही नसतात. ह्या हकीकतीतून एवढेच निश्चित होते की, कच्चा मासा आणि शरीरातील कृमी ह्यांचा संबंध त्या काळच्या वैद्यांनी जोडला होता. तो कोणता कृमी, हे तो ग्रंथ सांगू शकत नाही.

जेथे ग्रंथ थांबतो तेथे उत्खनन बोलू लागते. हूपे प्रांतातील च्यांगलिंग येथे फंगह्वांगशानच्या १६८ क्रमांकाच्या थडग्यात १९७५ मध्ये एका पुरुषाचे उत्तम रीतीने टिकलेले शव सापडले. त्याचे दफन इ. स. पू. १६७ मधील असून त्याच्या शरीरात ह्या पर्णकृमीची अंडी आढळली. दुसरा पुरावा अधिक अनपेक्षित स्थळी मिळाला. वायव्येकडील तुनह्वांगजवळ श्वेनछ्वान येथे रेशीममार्गावरील एक टप्प्याचे ठाणे होते; ते सुमारे इ. स. पू. १११ पासून इ. स. १०९ पर्यंत वापरात होते. १९९२ मध्ये तेथील शौचकूपाचे उत्खनन झाले. शौचानंतर अंग पुसण्यासाठी काठ्यांना कापड गुंडाळून वापरीत. त्या कापडावर चिकटलेल्या मलात ह्याच कृमीची अंडी असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. तो प्रदेश रुक्ष आहे. ह्या कृमीस लागणारी पाणथळ भूमी तेथून निदान १,५०० किलोमीटर दूर आहे. म्हणजे कोणी एक प्रवासी आपला रोग पोटात घेऊनच तेथवर आला होता. कोणत्याही ग्रंथाने ज्याची नोंद ठेवली नाही त्याची साक्ष एका चिंधीने दिली.

येथेच एका उलट उदाहरणाचीही नोंद करणे अवश्य आहे. १९७२ मध्ये छांगशाजवळ मावांगत्वी येथे एका सरदारपत्नीचे शव सापडले. तीही इ. स. पू. दुसऱ्या शतकातीलच. तिच्या पित्तमार्गात खडे होते. परंतु तिच्या शरीरात ज्या कृमींची अंडी मिळाली त्यांत यकृत्-पर्णकृमीचा समावेश नाही. एकाच काळातील ही दोन शवे जवळजवळ ठेवून पाहिली म्हणजे अभ्यासकाने सावध का राहावे हे कळते: एकात कृमी आहे म्हणून दुसऱ्यातील खडा त्याचाच असे होत नाही.

(५) कलकत्ता, १८७४

ह्या कृमीची शास्त्रीय ओळख पटली ती मात्र चीनमध्ये नव्हे, भारतात. १८७४ मध्ये कलकत्ता येथील वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्राचे प्राध्यापक जेम्स मॅकॉनेल ह्यांनी एका तरुण चिनी सुताराच्या शवाची चिकित्सा केली. त्याच्या पित्तनलिका चपट्या कृमींनी भरून गेल्या होत्या. मेंढ्यांतील कृमीपेक्षा हे निराळे आहेत हे ओळखून मॅकॉनेल ह्यांनी १८७५ मध्ये 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी कोबोल्ड ह्यांनी त्यास चीनवाचक नाव दिले. पुढे १९०७ मध्ये लूस ह्यांनी त्याची स्वतंत्र प्रजाती कल्पून आजचे नाव रूढ केले. उदरनिर्वाहासाठी परमुलखात आलेला तो सुतार शास्त्राच्या इतिहासात केवळ आपल्या व्यवसायाने व देशाने ओळखला जातो. श्वेनछ्वानचा प्रवासी आणि कलकत्त्याचा सुतार ह्यांच्यामध्ये सुमारे दोन हजार वर्षांचे अंतर असले तरी दोघांची साक्ष एकाच प्रकारची आहे.

जपानमध्ये काम करणारे जर्मन वैद्य बेल्त्स ह्यांनी १८८३ मध्ये ह्याच कृमींचे दोन प्रकार कल्पिले आणि त्यांपैकी एकास 'घातक' व दुसऱ्यास 'निरुपद्रवी' अशा अर्थाची लॅटिन नावे दिली. पुढे हे दोन्ही एकच असल्याचे ठरले. ही चूक मोठी बोधप्रद आहे. त्यांनी पाहिलेला भेद खरा होता, काही रोगी खंगत होते आणि काहींना त्रास नव्हता. परंतु त्याचे कारण कृमीच्या जातीत नसून मुख्यतः त्यांच्या संख्येत आणि सहवासाच्या कालावधीत होते.

जीवनचक्राचा उलगडाही जपानी संशोधकांनी केला. गोड्या पाण्यातील मासा हा ह्या कृमीचा दुसरा मध्यस्थ आश्रय असल्याचे कोबायाशी ह्यांनी १९१० च्या सुमारास दाखविले. पहिला आश्रय असलेली गोगलगाय मुतो ह्यांनी १९१८ मध्ये निश्चित केली. मलातून पाण्यात पडलेले अंडे गोगलगाय गिळते. तिच्यातून बाहेर पडलेला डिंभ माशाच्या मांसात कोश करून राहतो. कच्च्या माशाबरोबर तो मनुष्याच्या लहान आतड्यात पोचतो आणि तेथून पित्तनलिकेच्या मुखातून उलट दिशेने यकृतात चढतो. सुमारे एका महिन्यात त्याची पूर्ण वाढ होते. एक ते अडीच सेंटिमीटर लांबीचा हा जीव वीस वर्षांहून अधिक काळ जगू शकतो व प्रतिदिनी हजारांच्या संख्येने अंडी घालतो.

(६) अंडे आणि खडा

हाँगकाँगमधील शस्त्रवैद्य डिग्बी ह्यांनी १९३० मध्ये यकृतातच उगम पावणाऱ्या पित्तनलिकेतील खड्यांवर लेख लिहिला. पाश्चात्त्य देशांतील खडे बहुशः पित्ताशयात होतात व त्यांत कोलेस्टेरॉल प्रधान असते. हे खडे तपकिरी, ठिसूळ, चिखलासारखे आणि यकृतातील नलिकांत होणारे होते. १९५४ मध्ये त्याच नगरातील कुक व त्यांचे सहकारी ह्यांनी वारंवार उलटणाऱ्या पूयजनक पित्तनलिकादाहाचे वर्णन केले; थंडी वाजून ताप, कावीळ आणि पोटात कळ ही त्याची त्रयी. १९६३ मध्ये तेथेच खड्यांच्या आत अडकलेल्या कृमींचाही अभ्यास झाला.

तथापि कृमी आणि खडा एकत्र सापडणे म्हणजे एकापासून दुसरा उत्पन्न होणे नव्हे. ज्या लोकसमाजात कृमी सर्वत्र आहे तेथे तो निरोगी मनुष्यातही सापडणारच. मधला दुवा पुरविला तो जपानमधील माकी ह्यांनी. १९६६ मध्ये त्यांनी मांडलेल्या उपपत्तीचा आशय असा: पित्तातील बिलिरुबिन हे ग्लुक्युरॉनिक आम्लाशी बांधलेले असल्यामुळे विद्राव्य असते. आतड्यातील जंतू पित्तमार्गात शिरले म्हणजे त्यांच्या ठायी असलेले एक विकर हे बंधन तोडते; सुटे झालेले बिलिरुबिन कॅल्शियमशी संयोग पावून साक्याच्या रूपाने खाली बसते. त्याचाच खडा होतो.

आता कृमीचे कार्य स्पष्ट होते. त्याच्या सततच्या घर्षणाने व स्रावांनी नलिकेचे अस्तर जाड होते, श्लेष्मा वाढतो, नलिका कोठे रुंद तर कोठे चिंचोळी होते आणि पित्ताचा प्रवाह मंदावतो. साचलेल्या पित्तात जंतूंचे फावते. त्यातच अंडी, मृत कृमींचे तुकडे व श्लेष्मा ह्यांचा गाळ मिळतो. साक्यास चिकटून वाढावयास एक गाभा मिळतो. दक्षिण चीनमधील ग्वांगचौ येथील संशोधकांनी २०१२ व त्यानंतर प्रसिद्ध केलेल्या निबंधांत तर पित्ताशयातील खडेही सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यांच्या आत ह्या कृमीची अंडी दाखविली. ती विशेषतः रंगद्रव्यजन्य व कॅल्शियम कार्बोनेटच्या खड्यांत आढळली. ज्या दोन प्रकरणांची प्राचीनांनी फारकत केली होती ती अशा रीतीने एका खड्याच्या पोटात एकत्र आली.

(७) जोखमीचा अर्थ

येथे 'जोखीम' ह्या शब्दाचा नीट अर्थ करणे अगत्याचे आहे. कृमी असलेल्या प्रत्येकास खडा होत नाही, आणि खडा असलेल्या प्रत्येकास कृमी नसतो. रंगद्रव्याचे खडे जंत, अन्य कारणाने झालेला अडथळा किंवा केवळ जंतुसंसर्ग ह्यांमुळेही होतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये कृमिरोग ओसरले, आहार बदलला, आणि रंगद्रव्याच्या खड्यांची जागा बहुतांशी कोलेस्टेरॉलच्या खड्यांनी घेतली. खडे नाहीसे झाले नाहीत, त्यांची जात बदलली.

थायलंडच्या ईशान्य भागात, ज्याचे 'ईसान' हे नावच संस्कृत 'ईशान' शब्दावरून आले आहे, 'ऑपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी' हा जवळचा कृमी आढळतो. तेथे कच्चा मासा लिंबू, मिरची व मसाला घालून 'कोय प्ला' ह्या नावाने खातात. आंबटतिखटाने डिंभ मरत नाही. तेथील ध्वनिलहरींच्या तपासण्यांत पित्ताशय फुगलेले व नीट आकुंचन न पावणारे आढळले. आणि प्राझिक्वान्टेल ह्या औषधाने कृमी गेल्यावर त्या विकृतींपैकी पुष्कळशा मावळतात, असे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. कारण काढले असता कार्य मागे हटते, हा कार्यकारणभावाचा फार बळकट पुरावा होय. एकदा तयार झालेला खडा मात्र ह्या औषधाने विरघळत नाही. खड्याहून दारुण अशी परिणतीही आहे: हे दोन्ही कृमी पित्तनलिकेच्या कर्करोगास कारण होतात असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दिलेला आहे, ईसानमधील कृमीबाबत १९९४ मध्ये, तर चिनी कृमीबाबत २००९ मध्ये. अलीकडील अंदाजांनुसार केवळ चिनी कृमीनेच सुमारे दीड कोटी माणसे बाधित आहेत.

(८) समारोप

ह्या विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, निरीक्षण आणि कारणमीमांसा ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. फ्रेंच मेंढपाळाने दलदल पाहिली, चिनी वैद्याने कच्चा मासा पाहिला, भारतीयांनी खडा पाहिला. प्रत्येकाच्या हाती साखळीची एक कडी होती. दुसरा असा की, ह्या कड्या जुळल्या त्या ग्रंथांतील शब्दांमुळे नव्हे, तर शव, चिंधी, गोगलगाय आणि खडा ह्यांच्या तपासणीमुळे.

तिसरा निष्कर्ष आपल्यासारख्या भाषाभ्यासकांसाठी आहे. प्राचीन ग्रंथांत सर्व काही होते असे सिद्ध करण्याची उत्कंठा आपल्याकडे वेळोवेळी उफाळून येते, आणि तिचे सर्वांत सोपे साधन म्हणजे सारखा दिसणारा शब्द. सुश्रुताने बस्तीतील अश्मरीचे आणि तिच्यावरील शस्त्रकर्माचे जे वर्णन केले आहे ते स्वतःच्या बळावर थोर आहे. त्यावर न केलेल्या शोधाचे श्रेय लादल्याने त्याचा गौरव होत नाही, उलट त्याने खरोखर काय पाहिले हे झाकले जाते. शब्दाचा आदर करणे म्हणजे त्याचा त्या काळचा अर्थ शोधणे होय. तो विद्यार्थी मूळ अध्याय घेऊन आला त्या दिवशी त्याने आपल्या अध्यापकास हेच शिकविले.